चार किलो शंभर ग्रॅम

"जा तू बिनधास्त. आज झोळीतलं वजन पन्नास ग्रॅमनंसुद्धा कमी होणार न्हाई. माझा शब्द हाय," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझी चप्पल पायानंच उंबऱ्याबाहेर सरकवली.

मी चप्पल घातली. मग काढली, परत आत गेले आणि झोळीत डोकावले. सात महिन्यांची रेवा एक मूठ तोंडात कोंबून झोपली होती. मी वर हुकापाशी हात नेऊन वायरी चाचपल्या.

"तिसऱ्यांदा बघतीयस," आक्का दारातनं म्हणाल्या. "पोरगी हाय ती. दुधाचं पातेलं न्हाई."

"आक्का, पण ती उठली तर?"

"उठली तर उचलीन."

"उचलू नका! म्हणजे, उचला. पण मग आकडा शून्य होतो, आणि तिथं मला..."

"ठाऊक हाय तुला तिथं काय होतंय ते. मागल्या खेपेला बघितलंय सगळ्या गल्लीनं. म्हणून तर शब्द दिला. रिक्षावाला थांबलाय, जा आता."

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेतली आमची सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, म्हणून लग्न होऊन आल्यावर मीही म्हणायला लागले. त्यांनी शब्द दिला की तो पाळतात, हे मला चार वर्षांत कळलं होतं. तो कसा पाळतात, हे मात्र त्या दिवशी कळायचं होतं.

आकडा काय होता ते आधी सांगते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला मी स्वतःची एक वेबसाइट केली होती. नाव 'त्रिशलाचे खटाटोप'. पिवळ्या पानावर निळी अक्षरं; तेव्हा ती मला फार देखणी वाटायची. दूध उतू जायच्या आधी ओरडणारं झाकण, टाकी भरली की शिट्टी मारणारी डबी, असे माझे उद्योग मी तिथं फोटो काढून मांडायचे. पान किती जणांनी पाहिलं ते खाली दिसायचं. पहिल्या वर्षी चारशे बारा. त्यातली तीनशे तरी मीच होते.

मग लग्न झालं, रेवा झाली, आणि माझ्या डोक्यात भीती घर करून बसली. ती झोपली की मी श्वास बघायला नाकाशी बोट धरायचे. बोटानं ती उठायची. ती उठली की आक्का माझ्याकडं बघायच्या. सम्मेद, माझा नवरा, आठवडाभर पुण्याला असायचा आणि शनिवारी येऊन म्हणायचा, "अगं, घेतेय ती श्वास." जणू शनिवारी घेतला म्हणजे आठवडाभराची सोय झाली.

शेवटी मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा एक हुकाचा काटा उघडला, त्यातल्या वायरी एका सर्किट बोर्डला जोडल्या, आणि तो छताची कडी आणि रेवाची झोळी यांच्यामध्ये टांगला. झोळीचं कापड वजा करून आत किती वजन आहे ते दर दहा सेकंदांनी माझ्या वेबसाइटवर उमटायचं. सहा किलो नऊशे म्हणजे रेवा झोळीत. शून्य म्हणजे रेवा झोळीत नाही. घरात कुठंही असले, बाजारात असले, तरी मोबाइलवर आकडा दिसायचा. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तर ते पान दिवसभर उघडंच असायचं. अप्पा, म्हणजे सासरे, येताजाता त्याला "आजचा भाव" म्हणायचे.

काटा बरोबर दाखवतो की नाही हे तपासायला पक्क्या वजनाची वस्तू हवी होती. मी आक्कांचा वरवंटा उचलला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तोलून आणला आणि झोळीत ठेवला. चार किलो शंभर ग्रॅम. पडद्यावरही चार पॉइंट एक. मी टाळ्या वाजवल्या.

"बारशाला ह्यालाच कुंची घालून पोरीच्या आधी पाळण्यात निजवला होता," आक्का म्हणाल्या. "आज परत निजला. मान हाय बाबा त्याचा." आणि त्या कॉम्प्युटरसमोर कितीतरी वेळ उभ्या राहून आकड्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, कौतुक चाललंय.

नोकरीचं पत्र आलं ते ह्या पानामुळंच. कुपवाडच्या एमआयडीसीत वजनकाटे तयार करणारी एक लहानशी कंपनी होती. तिथल्या भोकरे साहेबांनी कुठूनतरी माझी साइट पाहिली आणि भेटायला बोलावलं. मी गेले. त्यांनी कौतुकानं त्यांच्या कॉम्प्युटरवर माझं पान उघडलं. मी समजावून सांगायला लागले. "तर सर, हा आकडा म्हणजे माझी मुलगी," एवढं म्हणाले आणि त्याच क्षणी आकडा शून्य झाला.

पुढचं मला नीट आठवत नाही. साहेब सांगतात की मी "शून्य!" असं ओरडले, त्यांच्याच टेबलावरची त्यांचीच फाइल उचलली आणि पळाले. घरी पोचले तेव्हा आक्का ओट्यावर बसून रेवाला शेजारच्या मालतीकाकूंना दाखवत होत्या.

"इतक्यात झाली मुलाखत?"

मी रेवाला हिसकावून घेतलं आणि रडायला लागले.

"का गं? इकली का काय मी तिला?" आक्का म्हणाल्या. मालतीकाकूंनी पुढच्या तासाभरात ही गोष्ट गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवली.

फाइल परत करायला मी फोन केला तेव्हा भोकरे साहेब हसले नाहीत. म्हणाले, "येत्या सोमवारी फाइल घेऊनच या. पुन्हा बसू. पण मॅडम, खरं सांगतो, तिसऱ्यांदा नाही बोलावता येणार. दुसरा एक उमेदवार मालकांच्या ओळखीचा आहे."

म्हणून ती चप्पल, तो उंबरा आणि आक्कांचा तो शब्द.

*

भोकरे साहेब पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक टेस्टर. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दोघांना दिसेल असा तिरका केला. "बघा, उघडंच ठेवतो. तुम्हालाही बरं, मलाही बरं."

सहा पॉइंट नऊ. वाटेत रिक्षात मोबाइलला रेंज मिळालीच नव्हती; आता कुठं मी खुर्चीत नीट टेकले.

"आमची अडचण सांगतो," ते म्हणाले. "गुळाचा काटा आम्हाला जमतो, हळदीचा जमतो. आता जनावरांचा करायचाय. बाजारात बकरी उभी केली की ती थांबते का? नाचते. काट्यावर आकडा नाचतो. घेणारा म्हणतो अठरा, विकणारा म्हणतो चोवीस. मारामारी व्हायची तेवढी बाकी राहते. तुम्ही लाथा मारणारं मूल तोललंय. कसं तोललंय ते सांगा."

हे मला येत होतं. मी कागद ओढला. एका क्षणाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, दहा सेकंदांचे आकडे घ्यायचे, त्यातले अगदी वरचे आणि अगदी खालचे टाकून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची. मी आकृत्या काढत होते, साहेब मान हलवत होते, त्यांनी चहा मागवला. मी इतकी रंगले की पडद्याकडं बघायचंच विसरले. आई झाल्यापासून पहिल्यांदा.

"आणि एवढं करूनही," मी ऐटीत म्हणाले, "शेवटचा आकडा थोडा हलतोच सर. सहा आठ, सहा नऊ, सात. झोपेतही पाय झाडते ती. जिवंत वजन कधी एका जागी..."

मी पडद्याकडं बघितलं.

सहा पॉइंट नऊ.

दहा सेकंद थांबले. सहा पॉइंट नऊ. पुन्हा दहा सेकंद. सहा पॉइंट नऊ.

"हो, मघापासून मीही बघतोय," साहेब म्हणाले. "वीस मिनिटं झाली, आकडा जागचा हललेला नाही. फार शहाणं बाळ दिसतंय."

वीस मिनिटं. रेवा वीस सेकंद स्थिर राहत नसे. मी उठले. खुर्ची मागं पडली.

"मॅडम."

"सर, मला जायला हवं."

"मॅडम, आधी हे बघा. जायचं तर जा, पण हे बघून जा." त्यांनी पान खाली सरकवलं. दिवसभराच्या वजनाची रेघ मीच तिथं काढून ठेवली होती. मी घरून निघाल्यापासूनची रेघ त्यांनी बोटानं दाखवली. "तुमचं बाळ हप्त्याहप्त्यानं झोपतं का?"

रेघ आधी सहा नऊच्या आसपास छान नाचत होती. ती रेवा. मग एकदम शून्य. शून्यावर सात मिनिटं. त्यानंतर रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढली होती. चार पॉइंट एक. मग पाच एक. सहा एक. सहा सहा. तिथं जरा थबकून सात एक, मग परत खाली सहा सहा. सहा आठ. सहा नऊ. आणि तिथून पुढं पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

मी त्या पहिल्या पायरीकडं बघत राहिले. चार किलो शंभर ग्रॅम.

"सर," मी म्हणाले, "तो वरवंटा आहे."

"काय आहे?"

"वरवंटा. मसाला वाटायचा. नंतरच्या दोन पायऱ्या म्हणजे किलोकिलोची दोन पाकिटं. मग अर्ध्या किलोचं. पुन्हा अर्ध्याचं घालून बघितलं, जास्त झालं, काढलं. मग... दोनशे आणि शंभर सुटं काहीतरी असावं. तांदूळ वगैरे." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. "सासूबाईंनी वजन जुळवलंय."

भोकरे साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या सासूबाईंनी तुमच्या काट्याला फसवलंय?"

"हो."

"कॉम्प्युटरवर आकडा बघत बघत?"

"हॉलमध्ये लावलेला असतो."

त्यांच्या खिशातली तीनही पेनं हलायला लागली होती.

मला मात्र हसू येत नव्हतं. झोळीत वरवंटा होता हे कळलं. मग रेवा कुठं होती? दार तीन पावलांवर होतं. रिक्षा मी थांबवून ठेवली होती, आक्कांना न सांगता.

साहेबांनी टेबलावरचा फोन माझ्याकडं सरकवला आणि स्पीकरचं बटण दाबलं. "विचारा. आणि मग ठरवा."

दोन रिंगांत फोन उचलला गेला.

"आक्का, मी त्रिशला. रेवा काय करतीय?"

"झोपलीय की," आक्का म्हणाल्या. आवाज असा, की दगडालाही खरं वाटावं. "तू गेल्यापासनं हूं का चूं न्हाई. झोळीत हाय. आकडा बघ की, दिसतोय न्हवं?"

"दिसतोय."

"मग? किती हाय?"

"सहा नऊ."

"बरोबर हाय," आक्का समाधानानं म्हणाल्या. हातानं केलेल्या कामाचं समाधान.

आणि तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. अप्पा एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. "चला, पुढं सरका! पुढं जागा हाय! सांगली, सांगली, सांगली! डबल बेल, टिंग टिंग!" आणि त्या टिंग टिंगवर एक खिदळणं. पोटातून येणारं, श्वास अडकवणारं, पुन्हा पुन्हा फुटणारं. माझी रेवा माझ्यासमोर अशी कधी हसली नव्हती. मी समोर असले की ती माझ्या तोंडाकडं बघून गंभीर व्हायची.

"तो कसला आवाज, आक्का?"

"टीव्ही," आक्का म्हणाल्या. तेवढ्यात दबक्या आवाजात, "अहो, बस जरा लांबनं न्या की!"

भोकरे साहेबांनी रुमाल तोंडाशी धरला होता.

मला म्हणता आलं असतं. 'खोटं बोलताय तुम्ही' म्हणता आलं असतं. पडलेली खुर्ची मी एका हातानं उचलली आणि बसले.

"बरं," मी म्हणाले. "वजन तेवढं कमी होऊ देऊ नका."

मग आक्का म्हणाल्या, "शब्द हाय माझा," आणि फोन ठेवला.

साहेबांनी डोळे पुसले, चष्मा लावला, आणि माझ्या आकृत्यांचा कागद स्वतःच्या पुढ्यात ओढला. "मघाशी काय म्हणत होता तुम्ही? जिवंत वजन कधी एका जागी..."

"राहत नाही, सर."

"आणि जे राहतं?"

"त्यावर संशय घ्यायचा."

"हे आमच्या काट्यात घालता येईल? बाजारात बकरीच्या पोटाखाली दगड बांधून आणणारेसुद्धा भेटतात आम्हाला."

"दगड बांधलेली बकरी हलणारच, सर. पण किती वजन हलतंय आणि किती नुसतं लटकतंय, ते वेगळं काढून बघता येईल. अवघड आहे. पण प्रयत्न करता येईल."

"मग सोमवारपासून करा," ते म्हणाले. "आणि सासूबाईंना विचारा, त्यांना यायचंय का. काट्याला फसवून बघायला असं माणूस शोधून सापडत नाही."

*

घरी पोचले तर दृश्य चोख होतं. रेवा झोळीत, आकडा नाचरा, अप्पा पेपर उलटा धरून वाचत होते. आक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. वरवंटा पाट्यावर जागच्या जागी. फक्त त्याला घातलेली कुंची काढायची राहिली होती.

मी कुंची काढली आणि आक्कांच्या समोर धरली.

त्यांनी मेथीतून मान वर केली नाही. "डाळ घालून चाललं असतं. पण नुसत्या डाळीनं झोळी भरू न्हाई. तसली झोळी रिकामीच धरतात, आणि रिकाम्या झोळीनं अपशकून होतोय. वरवंटा चालतो. ओळखीचा हाय पोरीच्या."

"आणि हलवली का नाही? थोडी हलवली असती तर मला कळलंही नसतं."

"आकडा हलला असता!" आक्का म्हणाल्या. "तू आली असतीस पळत. श्वास धरून बसले होते मी झोळीपाशी. पंखासुद्धा बंद केला. घामानं भिजले."

"पण का, आक्का? ती झोळीत झोपलीच होती की."

"तू रिक्षात बसलीस आणि ही उठली. उचलली तर शून्य, न्हाई उचलली तर रडतीय. मी काय करू? शून्य बघून तू आली असतीस, नोकरी गेली असती, आणि मग तू परत घरात. हुक बघ, वायर बघ, नाकाला बोट लाव." त्यांनी मेथीची जुडी आपटली. "सात महिने झाले. मला माझी नात अजून नीट हातात मिळाली न्हाई. तुझ्या काट्याला मिळाली, मला न्हाई."

अप्पा पेपरमागून म्हणाले, "मला एकच फेरी मिळाली. सांगलीपर्यंत."

मी आत गेले. झोळीतल्या रेवानं माझ्याकडं बघून नेहमीसारखं गंभीर तोंड केलं. मी हळूच म्हणाले, "टिंग टिंग." ती हसली. आकडा सात पॉइंट दोनला जाऊन आला.

"नोकरी?" आक्कांनी बाहेरून विचारलं.

"सोमवारपासून."

"मग तो हूक काढ रविवारी."

मी तो रविवारी काढला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी काढला.

*

ह्याला आता दहा वर्षं झाली. जनावरांचा काटा झाला. त्यात लटकतं वजन वेगळं काढणारी जी तपासणी आहे तिला कंपनीत अजून 'आक्का टेस्ट' म्हणतात, आणि नव्या पोरांना वाटतं ते कुठल्यातरी परदेशी शास्त्रज्ञाचं नाव आहे. 'त्रिशलाचे खटाटोप' अजून चालू आहे, अजून पिवळी आहे.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. तिनं फक्त कपडे बदलले. रेवा पाचवीत गेली, सायकलवर एकटी फिरायला लागली, तेव्हा मी तिच्यासाठी मनगटावरचं घड्याळ केलं. ती कुठं आहे ते माझ्या मोबाइलवर एका हिरव्या ठिपक्यानं दिसतं. तिनं तोंड वाकडं केलं, पण घातलं.

परवा शनिवारी मी ऑफिसातून लवकर आले. मोबाइलवर ठिपका घरीच होता. दुपारपासून घरीच. मला बरं वाटलं. मग ओट्याच्या पायऱ्या चढता चढता मी थबकले. एका ठिकाणी असलेला ठिपकासुद्धा थोडा इकडंतिकडं होतो, स्वयंपाकघर, हॉल, गच्ची. हा दोन तास एका बिंदूवर खिळून होता.

घरात रेवा नव्हती. सायकल नव्हती. अप्पाही नव्हते. आक्का टीव्ही लावून बसल्या होत्या, आवाज नेहमीपेक्षा मोठा.

"रेवा कुठंय, आक्का?"

"आत हाय की. अभ्यास करतीय. हूं का चूं न्हाई."

मी आत गेले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि खालच्या फळीवरचा पडदा बाजूला केला. वरवंटा होता. डोक्यावर जुनी कुंची, विटलेली, आणि मधोमध गच्च आवळलेलं रेवाचं घड्याळ, त्यातला हिरवा दिवा शहाण्या बाळासारखा तेवत होता.

बाहेर टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. आक्का कान देऊन बसल्या होत्या, हे भिंतीतूनही कळत होतं.

मी कुंची नीट केली, एका बाजूला सरकली होती. पडदा पुन्हा ओढला.

"करतीय ना अभ्यास?" आक्कांनी विचारलं.

"करतीय," मी म्हणाले. "आकडा अगदी स्थिर आहे."